सुपातली चित्रं

आमच्या फुलचूरमध्ये बिसरामभाऊंचं घर विचारलं, तर लोक सांगतात, अंगणात लोखंडी बाई उभी आहे ते. ती बाई आहे हे भाऊंनी सांगितलं म्हणून आम्ही मानतो. राइस मिलचं भंगार आणि दरेकसाच्या जंगलातून आणलेलं वाळकं लाकूड जोडून ते मूर्ती करतात. त्यात देवाची एकही नाही. मग पाया पडायचं कुणाच्या, असं मी तोंडावर विचारते आणि ते खुशाल हसतात.

मूर्तीआधी ते सिमेंटच्या पोत्याच्या खाकी कागदावर बॉलपेनने चित्रं काढतात. मूर्ती उभी राहिली की कागद त्यांच्या बायकोचे, सत्यभामावहिनीचे. वहिनी मेथी भिजवून वाटते आणि त्या खळीने जुन्या सुपांना, टोपल्यांना आतून कागद चिकटवते. मग फटीतून दाणा गळत नाही. सारी गल्ली आपली सुपं तिच्याकडेच आणते.

यंदा नागपूरच्या एका चित्रदालनातून रीना मॅडमचा फोन आला. त्यांना मूर्ती नको होत्या, मूर्तीआधीची चित्रं हवी होती. कागद असतील तरच प्रदर्शन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. भाऊ आनंदाने हो म्हणाले, फोन ठेवला आणि मग डोक्याला हात लावून बसले.

"जिंदगीत पयल्यांदा कोनी इचारलं," ते मला म्हणाले, "अन् माहं सारं काम तुमच्या सुपाईत."

रडक्या तोंडाचा मला भारी राग येतो. मग सुपंच पाठवा की, असं म्हणून मी घरोघर फिरले. बायकांनी कुरकुर केली, धान निघायच्या आत परत पाहिजे अशी तंबी दिली, पण सुपं दिली. माझ्या सुपात भोपळा आहे असं मी कित्येक वर्षं समजत होते, ते बैलाचं वशिंड निघालं. रीना मॅडम पाहायला आल्या, पोट धरून हसल्या आणि सुपं आहेत तशीच द्या म्हणाल्या.

सगळ्यांचं आलं, वहिनीची तांदळाची टोपली तेवढी येईना. ती मोठी आहे, भरलेली आहे, अशा सबबी सुरू होत्या. शेवटी भाऊंनीच तांदूळ बादलीत ओतले. टोपलीच्या तळाला एक बाई धान पाखडत होती. मान जराशी कलती, अगदी वहिनीसारखी.

भाऊंनी टोपली उजेडाकडे वळवली. हा कागद त्यांनी सारं घर उलथून शोधला होता आणि उंदरांना शिव्या घालून नाद सोडला होता.

"कागदच नाई भेटला, म्हून तुही मूर्त रायली," ते म्हणाले. "तू कायले लावला वो?"

 वहिनी म्हणाली, "सारी दुनिया केली तुमी लोखंडाची. माही मूर्त काई करून नोते रायले. मले वाटलं, कागद तरी रोज हाताखाली राईन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आवरेना. त्यांनी कागद नाही म्हणून मूर्ती केली नाही आणि हिने ते करत नाहीत म्हणून कागद लपवला.

सुपं नागपूरला गेली. टोपली गेली नाही. ती अंगणात तळाचं चित्र दिसेल अशी टेकवून उभी केली आहे आणि भाऊ तिच्याकडे बघत सकाळपासून पत्रा ठोकत असतात. वहिनी तिथेच बसून भाजी निवडते, मान मुद्दाम जराशी कलती ठेवून. तांदूळ अजून बादलीतच आहेत.