कोपऱ्यावरची खांदेरी

आमचं घर मांडवगणात रस्त्याच्या ऐन वळणावर. बाजाराला जाणारी माणसं, उसाचे ट्रॅक्टर, शाळेची गाडी, सगळं आमच्या दारावरून जातं. म्हणून गावातल्या तरुण मंडळाचा फ्लेक्सही आमच्याच दारात. वाढदिवस, निवड, शुभेच्छा. एक उतरला की दुसरा चढतो. जागा आमची आणि खिडकी उघडली की समोर कुणाच्या तरी फोटोची उलटी बाजू. भरदुपारी स्वयंपाकघरात दिवा लावायचा. यंदा माझं डोकंच फिरलं.

दिवाळीला सगळे डोंगरी किल्ले करतात. मी खांदेरी केली, समुद्रातला किल्ला, नेमकी फ्लेक्सचे बांबू रोवतात त्या जागी. खड्डा खणला, शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी सोडलं आणि मधोमध दगडमातीचं बेट रचलं. तटावर मोहरी पेरली.

माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, ते पटेना. एवढ्याशा खडकावर कसला किल्ला, म्हणाले. मी सांगितलं, थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे ती. बेट लहान, पण बंदरात येणारं-जाणारं जहाज तिथून दिसतं. म्हणून तर मराठ्यांनी तट बांधायला घेतल्यावर मुंबईचे इंग्रज जहाजं घेऊन आडवे आले. मराठे लहान होड्यांतून सामान नेत राहिले आणि काम काही थांबलं नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मंडळाच्या पोरांशी वाकडं घेऊ नकोस एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष चार पोरं आणि बांबू घेऊन आला. फ्लेक्सवर हात जोडलेला तो, मागे भलाथोरला किल्ला.

“वहिनी, किल्ला जरा मागं घ्या की.”

“बेट हाय ते. मागं कसं घेणार? मोडायचा तर तुमच्या हातानं मोडा.”

मी बाजूला झाले. कुणाचाही पाय पुढे येईना. ऐन दिवाळीत, किल्ल्याचं चित्र हातात धरून किल्ला तुडवायचा, म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मला इतका आनंद झाला की हसू लपवायला घरात जावं लागलं.

फ्लेक्स अखेर रस्त्यापलीकडे चुलत दिराच्या कुंपणाला लागला. जंजिऱ्याच्या सिद्दीनेही असंच केलं होतं, खांदेरी मिळेना तेव्हा शेजारच्या उंदेरीवर तोफा चढवल्या, असं मी आप्पांना सांगितलं. या खेपेला आप्पा हसले. स्वयंपाकघरात ऊन येत होतं.

तुळशीचं लग्न झालं, गावातले किल्ले निघाले. अध्यक्ष एकटाच आला. त्याचा वाढदिवस जवळ आला होता. मी पाण्याने खचलेला तट लिंपत बसले होते.

“दिवाळी झाली वहिनी. आता काढायचा ना?”

“दिवाळी झाली. जागा माझीच हाय,” मी म्हणाले. “ते चिखलाचं घमेलं द्या इकडं.”

त्याने वाकून घमेलं उचलून दिलं.