जिभेची डावी कड

हे लिहायला बसलो आहे खरा, पण लिहिणारा मी कोण, हा प्रश्न मनातून जात नाही. वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. चिनी वैद्यकाबद्दल मला जे माहीत आहे ते कॉलेजच्या एका विषयापुरतं. त्यांच्या लिपीतलं एक अक्षरही मला वाचता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी काही बोललो की घरी ते खरंच असणार असं धरून चालतात. मला त्याचीच धास्ती असते. तरी लिहितो आहे, कारण या विषयाची ओळख मला पुस्तकातून कमी आणि अब्बांच्या जिभेवरून जास्त झाली.

अब्बा इथे आखातात, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांच्या चौकटी बनवतात. रत्नागिरीहून आले तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. अम्मी त्यांना शर्ट घालून द्यायची आणि दर वेळी म्हणायची, "लग्नात पण एवढा नखरा केला नव्हतात." गोळ्या घेतल्या की पोटात जळजळायचं, नाही घेतल्या तर रात्रभर कूस बदलणं चालू.

त्याच सुमारास आम्हाला पारंपरिक वैद्यकांवर वर्गासमोर बोलायचं होतं. युनानी आणि आयुर्वेद पटकन उचलले गेले. हात वर करू की नको या विचारात मी बसून राहिलो आणि शेवटी उरलेलं चिनी वैद्यक माझ्या वाट्याला आलं. आमच्या बाई म्हणाल्या, नुसतं वाचून बोलू नका, कुठेतरी जाऊन बघा. सनाबिसमध्ये एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक चिनी डॉक्टरीण सुया लावतात, असं मला कळलं होतं. मी घाबरत घाबरत अब्बांकडे विषय काढला.

"म्हणजे अभ्यास तुझा आणि सुया माझ्या अंगात?" अब्बा म्हणाले.

"खांद्याला फरक पडेल कदाचित."

"कदाचित बोलतो, बघ. शिकलेली माणसं अशीच बोलतात." पण ते तयार झाले. शुक्रवार होता. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि निघण्याआधी बराच वेळ बेसिनपाशी उभे राहून जीभ घासली. जीभ घासायची स्टीलची पट्टी ते गावाहूनच आणायचे. त्यांना तंबाखूची सवय होती. डाव्या गालात धरायचे. नमाजाला उभं राहताना तोंडाला वास नको म्हणून दिवसातून कितीदा तरी ती पट्टी जिभेवरून फिरायची, आणि आवाज असा की बाहेरच्या खोलीत चहा पिववत नसे.

डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या असतील. केस आखूड, पांढरा कोट, पायात घरातल्या सपाता. त्या मोडकं इंग्रजी बोलायच्या आणि मी अब्बांना ते मराठीत सांगायचो. त्यांनी खांद्याला हातही लावला नाही. आधी एका छोट्या उशीवर अब्बांचं मनगट ठेवलं आणि तीन बोटं नाडीवर टेकवली. कधी हलकी, कधी दाबून. मग दुसरं मनगट. मग प्रश्न सुरू झाले. तहान लागते का, झोप कशी, पाय गार पडतात का, राग येतो का.

"राग येतो हे हिला कोणी सांगितलं?" अब्बा माझ्याकडे वळले. "तुझ्या अम्मीचा फोन आला होता काय?"

त्या बाईंनी तेव्हा जे समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. चुकलं तर चूक माझी. अंगातून एक शक्ती वाहत असते, तिला ते 'ची' म्हणतात. ती नीट वाहिली तर माणूस बरा, अडली की दुखतं. थंडावा आणि ऊब, विश्रांती आणि हालचाल, या जोड्या एकमेकींना सांभाळून असाव्यात. यिन आणि यांग म्हणतात ते हेच. हे ऐकून अब्बांना उलट ओळखीचं वाटलं. उन्हाळ्यात कोकम, बाळंतिणीला गरम, पपईने उष्णता होते, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. "हे तर आमची आजी सांगायची," ते म्हणाले, "तिने फक्त पैसे घेतले नाहीत."

मग बाई म्हणाल्या, "जीभ दाखवा."

अब्बांनी अभिमानाने जीभ बाहेर काढली. बाई जवळ आल्या, दिवा धरला आणि हसायलाच लागल्या. जीभ लालबुंद, चकचकीत. चिनी वैद्य जिभेवरचा थर बघतात. तो पांढरा की पिवळा, जाड की पातळ, कुठे आहे आणि कुठे नाही. टोक हृदयाचं, मधला भाग पोटाचा, कडा यकृताच्या, मागचा भाग मूत्रपिंडांचा, असा त्यांचा नकाशा असतो. आणि आम्ही तो नकाशाच घासून घरच्या बेसिनमध्ये सोडून आलो होतो.

"घासून आलात?" बाईंचा प्रश्न मी अब्बांना सांगितला.

"मग? डॉक्टरकडे घाण तोंड घेऊन जायचं काय?"

म्हणजे पाटी पुसून तपासायला दिली होती. बाई अजून हसत होत्या, पण हसता हसता थांबल्या. दिवा डावीकडे नेला. त्या कडेला, दाढेजवळ, एक फिकट पांढरा डाग होता, वाटाण्याएवढा. त्यांनी विचारलं, इथे पट्टी लागते का? अब्बा म्हणाले, लागत असेल. तंबाखू कुठे धरता? अब्बांनी बोटानेच दाखवलं.

त्यांनी खांद्याला सुया लावल्या. निघताना सांगितलं, पट्टी बंद, तंबाखू बंद, दात घासा आणि नुसत्या चुळा भरा. दोन शुक्रवारांनी या. पट्टीने खरवडलं गेलं असेल तर तोवर भरून येईल. नसेल तर बघू.

"बघू" हा शब्द मी अब्बांना सांगितला, आणि जिना उतरताना ते जिभेने गाल चाचपत होते. गावी आमचे एक चुलते होते. त्यांच्या गालात अशाच एका डागाने सुरुवात झाली होती. शेवटी त्यांना पेज नळीने द्यावी लागली. त्यांचं नाव त्या दिवशी घरात कोणी काढलं नाही. अम्मीने नुसतं विचारलं, "कुठे आहे, बघू," आणि बघून झाल्यावर गॅस पुसायला लागली. गॅस स्वच्छच होता.

नंतरचे दिवस मी कॉलेजच्या लायब्ररीत काढले. चिनी वैद्यकाच्या मुळाशी असलेल्या ताओ मार्गाबद्दल वाचत होतो. त्यात पुन्हा पुन्हा एक गोष्ट येत होती. जोर करू नका. पाण्यासारखं राहा, जे आपोआप होतं त्यात हात घालू नका, ऋतूप्रमाणे झोपा-उठा, जरा स्वस्थ बसा. वाचायला बरं वाटायचं. पण जे स्वस्थ बसायचं होतं ते अब्बांना. ज्यांना आयुष्यात वाकडी चौकट दिसली आणि त्यांनी हात लावला नाही असं कधी झालं नाही. सकाळी ते बेसिनपाशी उभे राहायचे आणि पट्टीकडे बघायचे. शेवटी अम्मीने ती डब्यांच्या मागे लपवली. तंबाखू सुटल्याने ते चिडचिडे झाले होते, बडीशेप चघळत फिरायचे. मशिदीत तोंडावर रुमाल धरायचे. "सगळ्यांना वाटतं मला सर्दी झालीय," म्हणाले. "सांगू काय, चिनी डॉक्टरने तोंड घाण ठेवायला सांगितलंय म्हणून?"

रोज संध्याकाळी अम्मी म्हणायची, "दाखवा." ते जीभ काढायचे. मी मोबाइलचा दिवा धरायचो. जिभेच्या मधे हळूहळू पातळ थर येत होता, लाली कमी होत होती. आम्ही सगळे त्या मधल्या भागाबद्दलच बोलायचो. "बघ, किती छान आलंय," अम्मी म्हणायची, जणू कुंडीत कोथिंबीर उगवली होती. कडेबद्दल कोणी बोलायचं नाही. मला वाटायचं डाग लहान झालाय. दुसऱ्या दिवशी वाटायचं मोठा झालाय. मग मी बघायचंच टाळायला लागलो, नुसता दिवा धरायचो आणि भिंतीकडे बघायचो.

दोन शुक्रवारांनी आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी नाडी बघितली नाही. थेट जीभ. मधला थर बघून मान डोलावली. मग हातमोजा घातला, कापसाच्या पट्टीने जीभ धरून डावी कड वळवली आणि तो डाग हलकेच पुसून बघितला. पुसला गेला नाही. पुन्हा पुसला. मग त्या खुर्चीत बसल्या आणि हातमोजा काढून हळूहळू घडी करत राहिल्या. फेकायची वस्तू होती ती.

मी विचारलं, "कडा यकृताच्या ना? यकृतात काही असेल?" मला खरंच वाटत होतं की यकृत निघालं तर बरं.

त्या म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात कड यकृताची. पण हा डाग यकृताबद्दल काही सांगत नाही. हा जिभेबद्दलच सांगतोय. हे माझं काम नाही. सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. उद्या जा."

मी ते मराठीत सांगितलं. अब्बांनी विचारलं, "आणि खांदा?"

"खांदा थांबेल," त्या म्हणाल्या. "हे थांबवू नका." त्या दिवशी त्यांनी सुया लावल्या नाहीत. फी पण घेतली नाही, आणि त्यामुळेच अब्बा जास्त घाबरले. "फुकट सोडलंन, म्हणजे काहीतरी मोठं आहे," ते गाडीत म्हणाले.

सलमानियाला जिभेचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला. तरुण डॉक्टर होता, चांगला बोलला. रिपोर्टला वेळ लागेल म्हणाला. अब्बांनी विचारलं, "कॅन्सर?" तो म्हणाला, रिपोर्टशिवाय मी काही बोलणार नाही. अब्बा म्हणाले, "इंशाल्ला," आणि तोही म्हणाला, "इंशाल्ला." मला वाटलं दोघांनी तो शब्द वेगवेगळ्या जागी ठेवला.

घरी टाक्यांमुळे अब्बा मऊ भात खात होते. बोलायचे कमी. एकदा म्हणाले, "काही निघालं तर तुझं शिक्षण पुरं होईपर्यंत मी इथेच काम करणार. गावी गेलो तर तुझी फी कोण भरेल?" अम्मी म्हणाली, "गप बसा, डॉक्टरने बोलायला मना केलंय." डॉक्टरने मना केलं नव्हतं.

पुस्तकात मी वाचलं होतं की फार विचार केला की 'ची' एका जागी गाठ होऊन बसते, आणि तिचा त्रास पोटाला होतो. मला ते कितपत खरं आहे ते माहीत नाही. पण त्या दिवसांत मी ताटात अर्धं टाकून उठायचो हे खरं.

वर्गासमोर बोलायची माझी पाळी नेमकी रिपोर्ट यायचा होता त्याच आठवड्यात आली. मी पडद्यावर जिभेचं चित्र लावलं होतं, रंग भरून, प्रत्येक भागाला नाव देऊन. टोक दाखवलं, मधला भाग दाखवला, मागचा दाखवला. डाव्या कडेवर काठी न्यायची होती तेव्हा हात पुढे गेला नाही. मी म्हणालो, "कडांचं नंतर बघू," आणि पुढे गेलो. फोन खिशात होता. कॉलेजच्या बाईंची परवानगी घेऊन मी तो चालू ठेवला होता.

ताओबद्दल बोललो तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे आजार झाला तरी काहीच करायचं नाही? नुसतं बसायचं?"

मी काठी टेबलावर ठेवली. मग म्हणालो, "एक माणूस रोज जीभ खरवडायचा. त्याला खरवडणं थांबवायला सांगितलं. थांबवल्यावर जीभ शांत झाली, आणि जे खरं होतं तेवढंच उरलं, ते दिसलं. दिसल्यावर मात्र तो बसून राहिला नाही, दवाखान्यात गेला. मला वाटतं दोन्ही त्यातच येतं. पण माझी खात्री नाही."

तिने विचारलं, "मग काय निघालं?"

"अजून कळलं नाही," मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "बस खाली, चांगलं सांगितलंस."

खाली बसलो आणि फोन थरथरला. अब्बा टाइप करत नाहीत, आवाज पाठवतात. मी कॉरिडॉरमध्ये गेलो. लगेच ऐकायची हिंमत झाली नाही. खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत उभा राहिलो. मग फोन कानाला लावला. मागे हॉस्पिटलच्या रिसेप्शनचा गोंगाट होता, आणि अब्बांची जीभ टाक्यांमुळे अजून जड होती.

"ऐक. रिपोर्ट आला. कॅन्सर नाय. डॉक्टर बोलला, पेशी बदलायला लागल्या होत्या, पण अजून तसलं काय झालेलं नाय. उरलेला डाग काढून टाकतील, आणि मग दर काही महिन्यांनी जीभ दाखवायला यायचं, कायम. तंबाखू खलास. ते मी त्याच्या आधीच बोललो. तुझी अम्मी इथे रडते हाय, तिला फोन कर, माझं ऐकत नाय. आणि त्या चिनी बाईंना कळव. विचार त्यांना, खांद्याला या शुक्रवारी येऊ काय?"