मॉपचं स्पॅनिश

टीम लीडने मॉप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “अगं, तूच धर. तुमच्या घरातलंच काम आहे.”

मीटिंगला आम्ही सहा जण होतो. दोघे हसले. बाकीच्यांनी लॅपटॉपमध्ये पाहिलं. मॉप यादम्माकडून मागवला होता. ती आमच्या मजल्याची सफाई करते. मॉप ओला होता, पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं. लीडने मोबाईल काढला आणि फोटो घेतला.

मी मॉप धरून उभी राहिले. नाही म्हटलं नाही. हे आधीच सांगून ठेवते.

आमची कंपनी इंग्रजी कागदपत्रांचं स्पॅनिश करून देते. त्या आठवड्यात मेक्सिकोतल्या एका रुग्णालयाचं काम होतं, सफाई कामगारांसाठीची पुस्तिका. आमच्याकडे एक पद्धत आहे. पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येणारा शब्द आधी शब्दयादीत जातो. शब्दाशेजारी वस्तूचा फोटो लागतो, तो ऑफिसातच काढतात. फोटोपुढे शब्द सुचवणाऱ्याचं नाव. यादी मंजूर झाली की पुस्तिकाभर तोच शब्द.

मॉप माझ्या वाट्याला आला. स्पेनमध्ये त्याला फ्रेगोना म्हणतात, मेक्सिकोत त्रापेआदोर. मी त्रापेआदोर लिहिलं. लीड पुण्याचा, दोन वर्षं माद्रिदला राहून आलेला. त्याला फ्रेगोना हवं होतं. ते शुद्ध, दुसरं गावठी, असं तो म्हणाला. माझ्या मराठीबद्दलही त्याचं हेच मत होतं. बोलताना तोंडून ‘हो’ऐवजी ‘हौ’ निघालं की तो बाकीच्यांकडे बघून हसायचा.

मी त्याला सांगितलं की वाचणारा माणूस मेक्सिकोतला आहे आणि तो फरशी पुसणारा आहे. त्याला पहिल्या वाचनात कळलं पाहिजे. माझे वडील नारायणगुड्यातल्या एका खासगी दवाखान्यात बावीस वर्षं फरशी पुसत होते. एकदा नवा कॅन आला. त्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता आलं नाही. फिनेल समजून त्यांनी ॲसिड ओतलं. दोन्ही हात भाजले.

हे मी ऑफिसात पहिल्यांदाच बोलले. शब्दाच्या बाजूने पुरावा म्हणून बोलले. त्यानंतर लीडने मॉप मागवला.

फोटो झाल्यावर यादम्मा दारात आली. “लाओ अम्मा, मेरेको दो. मेरा काम है,” म्हणाली. मी तिच्याकडे न बघता मॉप दिला. बाथरूममध्ये गेले आणि साबणाने हात धुतले. दोनदा.

त्या दिवसापासून मी एकटी जेवू लागले. कोणी उठवलं नव्हतं. मी डबा उघडला की टेबलावरचं बोलणं थांबायचं, एवढंच. तारनाक्याला घरी गेले की आई विचारायची, आज काय काम केलं. सांगण्यासारखं नसायचं. शेजारच्या विद्यापीठात मी पाच वर्षं स्पॅनिश शिकले. घरात ती भाषा कोणाला येत नाही. ऑफिसात सगळ्यांना येते आणि माझ्याशी कोणी बोलत नाही.

एका दुपारी यादम्मा खिडकीजवळची फरशी पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, “उस दिन हाथ भौत धोए तुम.”

ती बादली घेऊन पुढे गेली. लीडने मला मॉपशी जोडलं आणि मी साबण घेतला. म्हणजे मॉप धरणारा हात घाणेरडा असतो हे मी मान्य केलं होतं. यादम्माचा हात. माझ्या बापाचा हात.

पुस्तिका मेक्सिकोहून परत आली. तिथल्या तपासनिसाने फ्रेगोना जिथे जिथे होतं तिथे लाल खूण केली होती. शेरा होता की आमचे कामगार हा शब्द वापरत नाहीत. मी शब्दयादी उघडली. फोटोत मी गळ्यापासून खाली होते. चेहरा कापलेला. हात, मॉप, ओली चप्पल. खाली फ्रेगोना. सुचवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. शब्द लीडने बदलला होता, तशी नोंद यादीत होती; नाव मात्र माझंच ठेवलं होतं.

चूक झाली की अनुवादकाला कारणाचा फॉर्म भरावा लागतो. तो कायमचा फाइलला लागतो. लीडने फॉर्म टेबलावर ठेवला आणि ‘अनुवादकाचा निष्काळजीपणा’ एवढंच लिहायला सांगितलं. विषय संपेल, म्हणाला.

वडिलांचे हात भाजले तेव्हा दवाखान्याने त्यांच्याकडूनही एक कागद करून घेतला होता. त्यावर काय आहे ते त्यांना कोणी वाचून दाखवलं नाही. नंतर शेजाऱ्याने वाचला. ‘स्वतःच्या चुकीमुळे’ असं लिहिलं होतं. अंगठ्याचा ठसा घ्यायला भाजलेल्या हाताची पट्टी सोडली होती. वडील याबद्दल कधी बोलले नाहीत. आईने सांगितलं.

मला वाचता येतं. लिहिताही येतं. मी तीन वाक्यं लिहिली. मी त्रापेआदोर दिला होता. तो टीम लीडने बदलला, बदल केल्याची नोंद सोबत जोडली आहे. माझा फोटो माझ्या मर्जीविरुद्ध काढला आहे, तो यादीतून काढावा. फॉर्म मी लीडला दिला आणि त्याची प्रत मॅनेजरला पाठवली.

लीडने केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. म्हणाला, “तुमच्या लोकांना जरा जवळ घेतलं की असंच होतं.”

मी म्हटलं, “सर, हे वाक्यही मी लिहून ठेवते.”

मेक्सिकोचं काम माझ्याकडून गेलं. आता मी प्रिंटरची माहितीपत्रकं करते. फोटो अजून यादीत आहे. जेवताना माझं टेबल रिकामं असतं. फॉर्म ‘दुरुस्तीसाठी’ दोनदा परत आला. दोन्ही वेळा तीच तीन वाक्यं लिहून पाठवली. तिसऱ्यांदा येईल, चौथ्यांदा येईल. वाक्यं बदलणार नाहीत.

आमच्या घरातून एक अंगठा घेऊन झाला. दुसरा मिळणार नाही.