घाणेवाल्याची करंगळी

…तर त्यानं करंगळी चाटली, इथपर्यंत काल आलो होतो, आणि तुम्ही खो-खो हसलात. हसा. आम्हीही हसलो, पण दोन दिवसांनी. आधीचे दोन दिवस हा राहतो की जातो, तेच कळत नव्हतं.

हा आमचा घाणेवाला म्हणजे माझ्याच वर्गातला. पाटी थुंकीनं पुसतो म्हणून गुरुजींनी कितीदा त्याचे कान लाल केले, पण बोट तोंडात घालायची खोड काही गेली नाही. पुढे बापाच्या जागी तेलाच्या घाण्यावर बसला आणि तीच खोड त्याच्या धंद्याची अब्रू झाली. शेंगदाणे कुणीही आणा, पहिली धार पडली की हा करंगळी बुडवणार, जिभेला लावणार, डोळे मिटणार. मान हलली तरच डबा भरायचा. नाही हलली तर दाणे खवट, मग आणणारा सख्खा मेव्हणा का असेना. चाळीस वर्षं आम्ही त्या एका मानेवर विसंबून जेवलो.

पुढे दुकानात पिशवीबंद तेल आलं आणि घाण्यावरचं गिऱ्हाईक आटलं. त्याच सुमारास सरकारी योजनेचे साहेब आले. म्हणाले, माळावर एक झुडूप लावा. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही, बियांच्या तेलावर गाडी पळते, आणि खाण्याच्या पिकाची एक काडी हलवावी लागत नाही. ऐकायला इतकं गोड, की मी एकट्यानं दोनशे रोपं लावली. पाठ अजून आठवण करून देते. घाण्यालाही काम मिळालं. अट एकच, यापुढे त्यात खायचं तेल गाळायचं नाही, कारण हे बी विषारी. साहेबांनी ते पाच वेळा बजावलं. यानं पाचही वेळा "हो साहेब" म्हटलं.

पहिलं बी गाळलं त्या दिवशी गावच्या बसचा ड्रायव्हर डबा घेऊन हजर. धार पडली. सगळे बघताहेत. आणि आमचा गडी! करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले, आणि वर मान हलवली!

ड्रायव्हर ओरडला, "अहो काका, ते इंजिनाला पाजायचंय!"

मग उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. त्याची बायको, आमच्या वहिनी, उशाशी बसून मीठ-साखरेचं पाणी पाजताहेत. उठून बसला तेव्हा मी विचारलं, "काय रे, किती मैल पळालास?" म्हणाला, "संडासापर्यंतचा रस्ता मोजून घे."

हसण्यासारखं एवढंच. झुडपं जगली, पण बी धरेनात. तिसऱ्या वर्षी जिथे ट्रक भरायचा होता, तिथे पाच पोती निघाली. साहेब म्हणाले, "थोडं पाणी द्या की." पाणी न मागणारं झाड पाणी मागू लागलं, आणि ते द्यायचं भाजीच्या वाफ्यातून! ज्यांनी दिलं त्यांची भाजी वाळली. पेंडेचं तर विचारूच नका. पूर्वी याच्या शेंगदाण्याच्या पेंडेसाठी गाई दावं तोडायच्या. ही पेंड शेडमागे कुजत पडली, आणि कुणाची शेळी तोंड घालेल म्हणून वहिनींनी भोवती काटेरी तार ओढली. बस डिझेलवर परतली. साहेबांची बदली झाली. घाणा दोन वर्षं मुका.

यंदा शेंगा बऱ्या आल्या. वहिनींनी मनावर घेतलं. मिस्त्रीकडून घाणा सुटा करवला, एकेक भाग उकळत्या सोड्याच्या पाण्यानं तीनदा घासला, वर कोंडा घालून फिरवला. हातांची सालं निघाली. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, आता यात तान्ह्या बाळाला अंघोळ घाला."

परवा पहिलं पोतं मी नेलं. मुद्दाम मीच. मी नेलं की बाकीचे येतील, असा माझा हिशेब. दारात सात-आठ जण डबे घेऊन उभे होतेच.

धार पडली. काय तो रंग, काय तो वास! करंगळी बुडली, जिभेला लागली, डोळे मिटले.

मान हलेना.

"खवट आहे का रे?" मी विचारलं.

"नाही."

"अहो, मग हलवा की मान!" वहिनी सोललेले हात फडक्यात धरून उभ्या होत्या. "आज हा घाणा सुरू झाला नाही, तर उद्या भंगारवाला नेईल. मग तुम्ही आणि मी काय करायचं?"

डबेवाले एकमेकांकडे बघू लागले.

"अरे, चव कशी आहे ते तरी सांगशील?" मी म्हणालो.

त्यानं मोटर बंद केली. करंगळी सदऱ्याला पुसली, पुन्हा पुसली. माझं उरलेलं पोतं उचलून माझ्या पायाशी ठेवलं आणि म्हणाला,

"चव छान आहे. पण त्या दिवशीही छानच लागली होती."