भिंतीला भिंत

लातुरात क्लासशिवाय काही शिकता येतं यावर कुणाचा विश्वास नाही. इथं पोहायला क्लास, हस्ताक्षराला क्लास, आणि चांगल्या क्लासात नंबर लागावा म्हणून आणखी एक क्लास. तेव्हा कॉम्प्युटरवरची लढाई जिंकायलाही एक दिवस क्लास निघाला, यात नवल कसलं? नवल याचं की त्या लढाईचा सेनापती भुजंग निघाला.

भुजंग ट्यूशन एरियातल्या एका होस्टेलचा रेक्टर. पोरं शेजारी ताहेरच्या नेट कॅफेत गेम खेळतात, म्हणून त्यांना कानाला धरून आणायला तो गेला आणि स्वतःच तिथं चिकटला. पोलीस जुगाराच्या अड्ड्यावर धाड घालायला जावा आणि पत्ते पिसत बसावा, तशी गत झाली. गेम साधा होता. आपली वस्ती बांधायची, मजुरांकडून सोनं खणून घ्यायचं, सैन्य उभारायचं आणि समोरच्याची वस्ती मोडायची. भुजंगाइतकी देखणी वस्ती कुणाचीच नसे. एक घर इथं, दुसरं हाकेच्या पलीकडं, आणि मधला रस्ता इतका रुंद की उसाच्या बैलगाड्या शेजारी शेजारी जाव्यात. पोरं त्याला 'पुनर्वसनमंत्री' म्हणायची. त्याला तो मान वाटायचा.

भूकंप झाला तेव्हा भुजंग विशीत होता. त्यांच्या जुन्या गावात घराला घर खेटून होतं, भिंती दगडाच्या, वर मातीचं जड धाबं. त्या पहाटे त्यांचं घर तगलं. शेजाऱ्याची भिंत मात्र ओसरीवर निजलेल्या बापाच्या अंगावर आली. दोष शेजाऱ्याचा नव्हता, त्याच्या घरात तर रडायलाही कुणी उरलं नाही. पण भुजंगाच्या मनानं एकच धडा घेतला, की शेजार जवळ नको. सरकारनंही नेमका तोच धडा घेतला. नवं गाव असं ऐसपैस आखलं की विरजण मागायला गेलेली बाई परत येईस्तोवर घरचं दूध नासावं. उद्घाटनाला आलेल्या साहेबांना गाव फार आवडलं. त्यांना तिथं राहायचं नव्हतं.

लातुरात नोकरी लागल्यावर भुजंगानं शहराबाहेर माळावर प्लॉट घेतला आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही अशा जागी घर बांधलं. वर पत्रे. तो तिथं बिनघोर झोपायचा. त्याची बायको सिंधु देवणीची, माणसांनी गजबजलेल्या गल्लीत वाढलेली. ती म्हणायची, "बोलायला कुणी न्हाई ते ऱ्हाऊ द्या, हितं भांडायला बी माणूस न्हाई."

आणि मग एका दुपारी दोन चोर मोटरसायकलवर आले. दोरीवरची लुगडी, अंगणातली तांब्याची घागर आणि पाण्याची मोटर घेऊन, तिच्या डोळ्यांदेखत पसार झाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, या वेळी मागच्या बाजूनं.

"घसा फुटस्तोवर बोंबलले मी," सिंधु म्हणाली. "कोण येणार? होले उडाले नुसते. ती दिलशादभाबी खोली द्यायला तयार हाय. चला तिकडं."

दिलशाद म्हणजे ताहेरची बायको. त्यांचं घर कॅफेला लागूनच, आणि त्यातली एक खोली रिकामी होती. पण कॅफेची आणि खोलीची भिंत एक. भुजंगानं नकारार्थी मान हलवली.

"मग रविवारी मी देवणीला चालले," सिंधु म्हणाली. "परत यायचं मला सांगू नका. तुम्ही ऱ्हावा तुमच्या माळावर."

ती बोलते तसं करते, हे भुजंगाला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच रविवारी नांदेडशी गेमचा सामना होता.

विभागीय आयुक्तालय लातूरला व्हावं की नांदेडला, यावरून त्या वर्षी दोन्ही गावं हमरीतुमरीवर आली होती. तेव्हा हा गेम म्हणजे लातूरच्या इभ्रतीचा सवाल, असं विरूपाक्ष सरांनी जाहीर केलं. हे सर होस्टेलचे मालक आणि त्यालाच जोडलेल्या क्लासचे संचालक. नांदेडकडून हारिस नावाचा गडी नेटवरून खेळायचा, आणि तो लढायचाच नाही. चार चपळ विमानं घेऊन यायचा, कडेच्या घराजवळचे मजूर टिपायचा, आणि भुजंगाचं सैन्य धापा टाकत पोचेस्तोवर दुसऱ्या टोकाला हजर. सरावाचे सगळे सामने भुजंग असेच हरला होता.

सरांनी उभ्या जन्मात माऊसला हात लावला नव्हता, पण नोट्स काढल्या. "मागच्या सगळ्या सामन्यांत विमानं ईशान्येकडून आलेली आहेत. म्हणजे ईशान्य आयएमपी. नैर्ऋत्य ऑप्शनला टाका." हारिसनं क्लास लावलेला नव्हता, त्यामुळे पुढच्या सरावाला तो नैर्ऋत्येकडून आला.

ताहेरनं भुजंगाला बाजूला घेतलं. "भुजंगभाई, घरं खेटून बांधा ना. बीच में तीन तोफा. विमान कुठून बी येऊ द्या, तोफांच्या तोंडीच येतंय. तुम्हाला पळापळ करायची गरजच न्हाई."

"कळतंय रे."

"मग?"

"हात जात न्हाई," भुजंग म्हणाला. यापेक्षा खरं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

रविवारी कॅफेत मुंगी शिरायला जागा नव्हती. वातावरणनिर्मिती व्हावी म्हणून सरांनी लग्नात लावतात तसले मोठे साउंड बॉक्स आणून भिंतीला लावले होते. सामना सुरू होणार तेवढ्यात सिंधु दारात आली. हातात पिशवी.

"किल्ली दिलशादभाबीकडं ठिवते. दुपारची गाडी हाय."

"हां," भुजंग म्हणाला. थांब म्हणायचं होतं, पण तो पडद्याकडं वळला. ती शेजारच्या घरात गेली.

खेळ सुरू झाला. नेहमीसारखी ऐसपैस वस्ती, नेहमीसारखी हारिसची विमानं. टोकाच्या घराजवळचे मजूर पटापट पडले. एकच उरला. तो कधी या बाजूला पळे, कधी त्या, आणि त्याच्याकडं कुणीच येत नव्हतं. भुजंग त्या इवल्याशा आकृतीकडं बघत राहिला. त्याचे कान तापले, लाज वाटली त्याला. मग दात-ओठ खात त्यानं टोकाची घरं स्वतःच पाडली आणि भिंतीला भिंत लावून मध्यभागी बांधायला घेतली. तोफा मधोमध. आज हात जात होता.

"सिलॅबसच्या बाहेर चाललाय हा!" सर ओरडले.

हारिसनं मग होती नव्हती ती सगळी विमानं आणली. बॉम्ब पडले, पडदा हादरला, आणि लग्नाचे ते बॉक्स असे घुमले की टेबल, खुर्च्या आणि खरीखुरी भिंतसुद्धा थरारली. भुजंगानं माऊस सोडला. जो भूकंपापासून नेहमी दाराशीच बसत आला, तो दाराकडं पळालाच नाही. तो भिंतीकडं धावला आणि दोन्ही हातांनी ती बडवू लागला.

"सिंधु! भाईर नीघ! सिंधु!"

"काय झालं? अवं, काय झालं?" पलीकडून लगेच आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा. मिनिटाच्या आत सिंधु दारात, मागं कणकेच्या हातांनी दिलशाद, आणि तिच्यामागं निम्मी गल्ली, कुणी लाटणं घेऊन तर कुणी पाण्याचा तांब्या घेऊन.

ताहेरनं बॉक्स बंद केले. पडद्यावर हारिसची विमानं एकेक करून जळत होती. सेनापती भिंत बडवत असताना तोफांनी आपलं काम करून टाकलं होतं. विरूपाक्ष सरांनी त्याच जागी फोन लावून फ्लेक्स सांगितला, 'लातूर पॅटर्नचा विजय', आणि स्वतःचा फोटो मोठा घ्यायला सांगितला.

सिंधुला त्या विजयाशी देणंघेणं नव्हतं. लग्न झाल्यापासून 'अगं ए' शिवाय हाक नाही, आणि आज साऱ्या गल्लीनं तिचं नाव ऐकलं होतं. ती भुजंगाच्या चेहऱ्याकडं बघत होती. तो घामानं निथळत होता.

"नाव घ्यायला तुम्हाला भूकंप लागतो व्हय?" ती म्हणाली. आवाज रागाचा होता, डोळे नव्हते.

भुजंगाचे तळहात अजून भिंतीलाच टेकलेले होते. ते काढायला त्याला जरा वेळ लागला.

"सिंधु," तो हळूच म्हणाला, "ती खोली अजून रिकामी हाय का, विचार की भाबीला."

"मी काय म्हणून विचारू? मी तर गाडीला निघाले," ती म्हणाली आणि पिशवी त्याच्या हातात दिली. "तुम्हीच विचारा."