दादूच्या चपलेतला खिळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता ती राहिली नाही. गेल्या महिन्यात फादर वारले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं — तिथंही मी फक्त त्यांचे गुण सांगून खाली बसलो.

फादर तरुणपणी परदेशातून कोल्हापूरला आले, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहिले आणि तिथंच म्हातारे झाले. रोज सकाळी पाटावर बसून एकेकाचे पाय परातीत धुवायचे, तळव्यावरून बोट फिरवायचे. त्या तळव्यांना काही कळत नाही — काटा नाही, निखारा नाही. "तुझा पाय तुला सांगत न्हाय पावणं, मला सांगतोय," म्हणायचे. मंडळी हसायची.

आमचा चपलांचा धंदा. वसाहतीसाठी मऊ रबराच्या चपला मी तिथल्याच एका खोलीत बसून करायचो. फादरांचा नियम एकच — खिळा मारायचा नाही, सगळं शिवायचं. कुणी पाहुणा आला की मला पुढं करायचे. "ह्यो बघा, ह्याला भ्या न्हाय."

खरंच नव्हतं? नव्या चपलेचं नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या चपलेचं होतं. टाका घालायचा तर आत हात घालावा लागतो, आणि आत जखमेचं पाणी सुकलेलं असायचं. त्यानं रोग लागत नाही, हे फादरांनी कितीदा समजावलं होतं. मला पटलंही होतं. तरी हात मागं यायचा.

दादू इचलकरंजीला मागावर कामाला होता. बोटं वाकडी झाली तसं घरच्यांनी त्याला वसाहतीत आणून सोडलं. फुटबॉलचा वेडा. सामना असला की शालीखाली हात झाकून चालत मैदानावर जायचा. अशाच एका दुपारी त्याच्या चपलेचा पट्टा निघाला. "आवरा की वो मिस्त्री, सुरू झाली असंल मॅच!"

आणि मी — चप्पल फडक्यानं धरली, उलटी केली, खालून खिळा ठोकला. टोक वर आलंय का, हेसुद्धा आत बोट घालून बघितलं नाही.

दादू गेला, आला. त्याला कळणार कसं?

सकाळी फादरांना तळव्याला खोल भोक दिसलं. "अनवाणी गेलतास?" दादू म्हणाला, "न्हाय फादर, चपला घालूनच गेलतो की." मी चटकन म्हणालो, चप्पल मी बघून आणतो. खोलीत नेली, खिळा उपटला, पट्टा शिवला. त्या दिवशी मी आत हात घातला — उघडा, मनगटापर्यंत. कसलीच किळस आली नाही. मग चप्पल फादरांपुढं ठेवली. "ह्यात काय न्हाय."

फादरांनी आतून बोट फिरवलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. दादूवर ओरडले, "माझ्याशी खोटं बोलू नगंस!" एवढ्या वर्षांत त्यांना कुणावर ओरडताना मी ऐकलं नव्हतं. दादू आपल्या पायाकडं बघत राहिला. मी बोलू शकलो असतो. का नाही बोललो? फादर मला भित्रा म्हणतील म्हणून. एवढंच.

जखम हाडापर्यंत गेली. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. दादूचं मैदान संपलं.

पुढं पुढं दादूलाच वाटायला लागलं, आपण अनवाणीच गेलो असणार. फादर खोटं कशाला बोलतील? वसाहतीत नवं माणूस आलं की तो कुबडी घेऊन त्याच्याजवळ जायचा, आपला पाय दाखवायचा. "माझ्या आडमुठेपणानं गेला बघ ह्यो. अनवाणी गेलतो, वर फादरशी खोटं बोललो. तू चप्पल सोडू नगंस." मरेपर्यंत तो हे सांगत राहिला.

मी शेजारीच असायचो. त्या नव्या माणसाचा पाय मापासाठी कागदावर ठेवून घ्यायचो, आणि दादूचं बोलणं संपेपर्यंत त्या पायाभोवती पेन्सिल फिरवत बसायचो.