वॉटफर्डहून एक प्रश्न

कुणाला तरी प्रश्न विचारल्याशिवाय ज्याला सकाळचा चहा पचत नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका लंडनजवळच्या वॉटफर्डला आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. मूळचे घानाचे. इथल्या शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेले, डिसेंबरातही सपाता घालून बागेत फिरणारे. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. आम्ही पुण्याहून आलो आणि व्हॅनमधून खोकी उतरवत होतो, तेव्हा ते कुंपणावरून डोकावले. मला वाटलं, आता हवेबद्दल बोलतील. त्यांनी विचारलं, "मतदारयादीत नाव घातलंत का?" माझा नवरा म्हणाला, "अहो, आम्ही वर्क व्हिसावर आहोत, इंडियन पासपोर्ट." "मग काय झालं? कॉमनवेल्थचे ना तुम्ही? इथे राहता, मत देता येतं." आमचं ब्रॉडबँड सुरू होण्याआधी आमची नावं यादीत गेली होती. ज्याने मत दिलं नाही त्याने कचऱ्याची बिन उचलली नाही म्हणून कुरकुरायचं नाही, असा त्यांचा साधा कायदा होता.

निवडणूक आली की उमेदवार लीफलेट वाटत आमच्या रस्त्यावर यायचे. अंकल प्रत्येकाला आत बोलवायचे, घसा पोळेल असा आल्याचा चहा द्यायचे आणि लायब्ररी लवकर का बंद होते इथपासून सुरुवात करायचे. एकजण तर चहा अर्धा टाकून "माझं पार्किंग संपलं" म्हणत पळाला. तो चालत आला होता, हे अंकलनी आधीच खिडकीतून पाहिलं होतं. आमच्या मंडळाच्या गणपतीला मी त्यांना हौसेने नेलं. मोदक आवडीने खाल्ले, आरतीला टाळ्या वाजवल्या, आणि निघताना अध्यक्षांना अगदी प्रेमाने विचारलं, "तुम्हाला निवडलं कुणी?" अध्यक्ष अजून मला ओळख दाखवत नाहीत.

पण हा सगळा सराव. खरा सामना शनिवारी सकाळी. घानातल्या त्यांच्या गावच्या रेडिओवर एक कार्यक्रम असे. लोक फोन करून खासदारांना, अधिकाऱ्यांना थेट जाब विचारत. अंकल तो मोबाइलवर ऐकायचे, आणि ते ऐकत असले की आमची भिंतही ऐकायची. गावात सरकारने बाळंतपणाचा दवाखाना बांधला होता. रंग दिला, फीत कापली आणि कुलूप लावून टाकलं. अडलेल्या बायका खड्ड्यांच्या रस्त्याने टॅक्सीतून शहरात जात. अंकलच्या भाचीचं मूल त्या टॅक्सीतच गेलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, हातातल्या कपाकडे बघत. त्यानंतर दर शनिवारी ते फोन लावत. निवेदक हसून म्हणायचा, "गुड मॉर्निंग, वॉटफर्ड! प्रश्न तोच ना?" प्रश्न तोच असायचा: दवाखाना उघडत का नाही? आणि स्टुडिओत खासदार असले की लाइन हमखास कट व्हायची.

मग एकदा खासदारच लंडनला आले. इल्फर्डच्या एका हॉलमध्ये आपल्या भागातल्या लोकांना भेटणार होते. अंकलच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मी त्यांना गाडीने घेऊन गेले. हॉलमध्ये मसालेदार भाताचा घमघमाट, ढोल, सेल्फी, कौतुकाची भाषणं. सगळा लग्नाचाच थाट. भाषणं संपली तसे अंकल उठले.

"दवाखाना उघडत का नाही?"

ढोलवाल्याचा हात थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा हो अंकल! तुम्ही देश सोडून आलात, आता कसला जाब विचारता?"

अंकलनी खुर्चीची पाठ धरली. मी त्यांना खाली बसवायला निघाले, तेवढ्यात ते म्हणाले, "सोडून मी आलो. आमच्या मुली तिथेच बाळंत होतात."

मग माझ्या शेजारी मांडीवर बाळ घेऊन बसलेली एक बाई उठून उभी राहिली. मग तिच्या पलीकडची. बघता बघता अर्धा हॉल उभा होता.

खासदारांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगतो," ते म्हणाले. "इमारत एका खात्याची, नर्स दुसऱ्या खात्याच्या. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि मी जोर लावला नाही. माझी फीत कापून झाली होती."

"हेच रेडिओवर सांगाल?"

"सांगेन."

मला काही खरं वाटलं नव्हतं. पण त्यांनी शब्द पाळला. पुढच्याच शनिवारी दोन्ही खात्यांच्या साहेबांना शेजारी शेजारी बसवून ते रेडिओवर बोलले. गावातल्या बायकांनी एवढे फोन केले की वॉटफर्डची लाइन लागलीच नाही, आणि फोन न लागल्याचा आनंद झालेले अंकल मी त्या दिवशी पाहिले. उन्हाळा सरायच्या आत कुलूप निघालं. हव्या होत्या त्यापेक्षा नर्स कमीच आल्या, पण आल्या. अंकलनी सगळ्या रस्त्याला जेवायला बोलावलं, आणि भात वाढता वाढता मला म्हणाले, "आता गावच्या पाण्याच्या पंपाचं बघायला हवं."

पुढे त्यांनी घर विकायला काढलं. मी विचारलं, "इथे काय कमी आहे, अंकल?" ते म्हणाले, "काहीच नाही गं. पण फोनवरून किती दिवस विचारत बसू?"

शेजारी आता एक तरुण जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, आवाज म्हणून नाही. मला ते घर फार शांत वाटतं.

मागच्या रविवारी अंकलचा फोन आला. दवाखान्याच्या ओसरीवर बसलो आहे म्हणाले, आणि त्यांनी फोन लांब धरला. बायकांच्या गप्पा, कुणाचं तरी खळखळून हसणं, आणि त्या सगळ्यावर चढलेलं एका बाळाचं रडणं. "ऐकू येतंय?" त्यांनी लांबूनच विचारलं. मी हो म्हटलं. आणि फोनचा आवाज पूर्ण वाढवला.